दुसरी बाही

…आणि वर मलाच विचारतात, ‘एवढ्या लवकर कशाला गेलीस?’ आता बोला. जन्मभर ज्या बाईला ‘एवढा उशीर का’ एवढंच ऐकायची सवय, तिनं आयुष्यात एकदा, फक्त एकदा, वेळेआधी जायचं ठरवलं, तर तिला हे ऐकायला मिळावं? तुम्हाला सांगते, मी काही कुणावर चिडलेली नाही. चिडू तरी कुणावर? ताईवर? सूनबाईवर? आणि आमच्या ह्यांच्यावर चिडून काही उपयोग असता तर तो एव्हाना झाला असता. मला आपलं वाईट वाटतंय. नुसतं वाईट वाटतंय. लाँड्रीच्या काउंटरवर उभी राहते, गिऱ्हाइकाचा कोट हातात घेते आणि त्याच्या बाह्यांकडे बघत बसते. परवा एक गिऱ्हाईक म्हणालं, ‘काय हो, डाग आहे का?’ मी म्हटलं, ‘दोन आहेत.’ ते घाबरलं, ‘दोन डाग?’ मी म्हटलं, ‘नाही हो, दोन बाह्या.’ आता असल्या बाईच्या हातात कपडे कोण देईल?

नाही, तुम्हाला मुळापासूनच सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, हिला झालंय तरी काय.

माझी ताई. माझ्यापेक्षा चांगली मोठी. आमची आई कायम आजारी, त्यामुळे माझी वेणी घालणं, मला शाळेत पोचवणं, माझ्या हातात सुया देऊन पहिले टाके घालायला शिकवणं, सगळं ताईनं केलं. मला ती अजून ‘बेबी’ म्हणते. मला सून आली तरी मी बेबी. लग्न होऊन ती गेली लांब, मी इथे, आणि पुढे तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, गेली आणखी लांब, भलत्याच थंड गावाला. तर दरवर्षी थंडी सुरू व्हायच्या बेतात भाचीच्या ऑफिसात कामाची धामधूम असते, म्हणून ताई नातवंडं सांभाळायला तिकडे जाते. परत येताना जावई आपल्या गाडीनं दुसऱ्या रस्त्यानं आणून सोडतात. पण जाताना ती रेल्वेनं जाते, आणि ती रेल्वे आमच्या गावावरून जाते, आणि आमच्या स्टेशनात थांबते. किती थांबते? चहा घेतला तर तोंड भाजून प्यावा लागतो, एवढी थांबते. बस. एवढीच आमची वर्षाची भेट.

‘मग तू का जात नाहीस तिच्याकडे?’ असं तुम्ही विचारणार. सगळे विचारतात. अहो, जायचंच होतं. दरवर्षी जायचं होतं. आधी मुलगा लहान होता, मग त्याची परीक्षा होती, मग लाँड्रीत माणूस नव्हता. थंडी आली की सगळ्या गावाला एकदम आपापल्या कोटांची आठवण होते ना, मग मला कोण सोडणार? मी दर वर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी नक्की. आणि आमचे हे म्हणायचे, ‘आहे की वेळ.’

आता हे ‘आहे की वेळ’ काय प्रकरण आहे ते ऐका. आमचे हे बसवर कंडक्टर होते. आता निवृत्त झालेत. नोकरीभर ह्यांनी घंटी दिल्याशिवाय बस हलली नाही. हे चहा पीत असले तरी बस उभी, हे कुणाशी गप्पा मारत असले तरी बस उभी. त्यामुळे ह्यांची मनापासून अशी समजूत झालीय की जगातलं कुठलंही वाहन आपल्याला सोडून जात नसतं. गाडीची वेळ झाली, मी दारात चपला घालून उभी, आणि हे निवांत नखं कापतायत. ‘अहो, गाडी जाईल.’ ‘आहे की वेळ.’ लग्नाला निघायचंय, तिकडे जेवणाची पंगत उठत आली असेल, आणि हे सदऱ्याचं बटण शोधतायत. ‘आहे की वेळ.’ आता तुम्हाला वाटेल, बिचारी बाई, नवऱ्यामुळे उशीर होतो. तसंही नाही हो. हे निमित्त. ह्यांनी ‘आहे की वेळ’ म्हटलं की मला पण आतून बरं वाटायचं. मी पण मग चपला काढून आणखी एक काम काढायचे. खोटं कशाला बोलू?

तर ताईला मी दरवर्षी स्वेटर द्यायचे. स्वतः विणलेला. भाचीचं गाव थंड ना. आता स्वेटर विणायला किती दिवस लागतात, हे मला माहीत नाही असं नाही. मला ताईनंच शिकवलंय. पण मी लोकर आणणार ती गाडी येण्याच्या महिनाभर आधी, स्वेटरची पाठ होणार पंधरा दिवसांत, पुढचा भाग होईपर्यंत ताईचा फोन येणार, ‘बेबी, परवा निघतेय गं.’ की झाली आमची तारांबळ! रात्रंदिवस सुया. भाजीला फोडणी देताना सुया, काउंटरवर कपडे मोजताना सुया, एकदा तर गिऱ्हाइकाच्या कोटाबरोबर माझी अर्धी बाही इस्त्री होऊन आली. आणि एवढं करून व्हायचं काय? एक बाही व्हायची. दुसरी राहायची. दरवर्षी. कधी दुसरी बाही कोपरापर्यंत, कधी नुसता काठ, आणि एक वर्ष तर दुसऱ्या बाहीच्या जागी निव्वळ लोकरीचा गोळा.

मग मी ते अर्धं धूड सुयांसकट पिशवीत कोंबून स्टेशनवर पळायचे. पळायचे म्हणजे कशी? आमच्या घरापासून स्टेशनचं मागचं फाटक जवळ. मुख्य दारानं जायचं तर मोठा वळसा. म्हणून मी कायम मागच्या फाटकातून, सायकल स्टँडच्या बाजूनं आत घुसायचे. तिथून गाडीचा शेवटचा डबा समोरच. पण ताईचा डबा नेहमी पुढे, पार इंजिनाच्या बाजूला. म्हणजे अख्खा प्लॅटफॉर्म मला पळत पार करायचा. गाडी आधीच येऊन उभी असायची. मी पळतेय, पिशवीतून लोकर उलगडतेय, मागून हे रमतगमत येतायत, आणि मी ताईच्या खिडकीशी पोचले की शिट्टी. मी वर हात करून पिशवी द्यायची, ताईनं खिडकीतून घ्यायची, हाताला हात लागायचा, ‘बरी आहेस ना?’ ‘बरी आहे, तू?’ एवढं होईपर्यंत गाडी निघालेली. ती वाकून ओरडायची, ‘किती राहिलाय?’ मी धापा टाकत ओरडायचे, ‘एक बाही!’ आणि ती मान डोलवायची. तिची पक्की खात्रीच असायची. पुढे प्रवासात ती माझ्याच सुयांनी ती दुसरी बाही विणायची आणि उतरताना स्वेटर अंगात घालून उतरायची. भाची फोनवर सांगायची, ‘मावशी, स्वेटर मस्त झालाय हं, पण एक बाही जरा घट्ट विणलीय.’ ताईचा हात घट्ट, माझा सैल. माझी बहीण वर्षानुवर्षं एक हात सैल आणि एक हात घट्ट अशी हिंडली, पण एका शब्दानं मला बोलली नाही.

आणि एवढ्या वर्षांत ताईला मी बघितली ती अशी. खालून. खिडकीतून. तुम्हाला खरं सांगते, तिचे केस पांढरे झाले ते मला आधी कळलं नाही, हातावर सुरकुत्या आल्या ते आधी कळलं. कारण माझ्या समोर यायचा तो हातच.

तर यंदा ताईचा फोन आला. थंडीला बराच अवकाश होता. म्हणाली, ‘बेबी, घर विकलं गं. तुझे भाऊजी गेल्यापासून एकटीला ते झेपत नाही. आता जाते ती कायमचीच लेकीकडे. या खेपेला ह्या रस्त्यानं शेवटचं जाणं.’ मी नुसतं ‘बरं’ म्हटलं. फोन ठेवला आणि मला असं झालं… काय सांगू कसं झालं. म्हणजे इतकी वर्षं मी ‘पुढच्या वर्षी नक्की’ म्हणत होते, ती वर्षं कुठे गेली? ह्यांना सांगितलं. ह्यांनी तोंड उघडलं, मी बघितलं ह्यांच्याकडे, ह्यांनी तोंड मिटलं. त्या दिवशी ह्यांना सुद्धा ‘आहे की वेळ’ म्हणवेना.

मी ठरवलं. यंदा पळायचं नाही. यंदा स्वेटर पूर्ण, दोन्ही बाह्या, बटणांसकट. आणि गाडी यायच्या आधी मी प्लॅटफॉर्मवर हजर. गाडी थांबली की मी डब्यात चढणार, ताईच्या शेजारी बसणार, आणि जेवढा वेळ गाडी उभी आहे तेवढा सगळाच्या सगळा वेळ तिच्याजवळ बसून राहणार. बोलायचं असं काही नव्हतं हो. नुसतं शेजारी बसून तिला एकदा नीट बघायचं होतं. खिडकीविना.

आता आमची सूनबाई. गुणी पोरगी. ऑफिसात तिला कसलं तरी प्रशिक्षण झालेलं, घाई न करता शांतपणे तयारी कशी करावी याचं. त्यामुळे मी नुसतं म्हणायचा अवकाश, तिनं मला समोर बसवलं. ‘आई, डोळे मिटा. आता उलटं यायचं. गाडी आलीय, तुम्ही प्लॅटफॉर्मवर आहात. त्याच्या आधी काय केलं?’ मी म्हटलं, ‘पळाले.’ ‘नाही, आई. पळायचं नाहीये. त्याच्या आधी काय केलं?’ ‘ह्यांना शोधलं.’ ‘त्याच्या आधी?’ ‘ह्यांच्यावर ओरडले.’ पोरीनं एक मोठा श्वास घेतला. त्यांना तसा श्वास घ्यायला शिकवलेला असावा. म्हणाली, ‘आई, प्रत्येक वस्तूला एक जागा द्यायची आणि प्रत्येक कामाला एक दिवस द्यायचा. मग शेवटच्या दिवशी करायला काही उरतच नाही.’ किती सुंदर वाक्य. मला तेव्हा काय माहीत, की ते इतकं खरं निघेल?

लोकर मी भर उन्हाळ्यात आणली. दुकानदार म्हणाला, ‘बाई, बरं आहे ना?’ निळी घेतली, ताईला आवडते तशी, रात्र पडायच्या आधी आभाळ असतं तसली. आणि विणायला बसले. अहो, काय सांगू तुम्हाला. घाई नसली की विणणं असं काही छान होतं. रोज थोडं. चुकलं तर उसवायचं, परत घालायचं. पाठ झाली. पुढचा भाग झाला. पहिली बाही झाली, आणि मग, हळूहळू, दुसरी, डावी बाही. मी इतक्या वर्षांत दुसरी बाही कधी पुरी केलीच नव्हती. खांद्याशी कशी निमुळती करायची तेच आठवेना. पण झाली. शेवटचा टाका मिटवला आणि दोन्ही बाह्या एकावर एक ठेवून बघितल्या. सारख्या! दोन्ही सैल! मी ह्यांना दाखवायला धावत गेले… नाही, धावत नाही, चालत गेले. हे म्हणाले, ‘आता ह्याच्यात अंग कुठून घालायचं?’ बटणं मागच्या बाजूला लावली होती म्हणा मी. पण वेळ होता ना. काढून पुन्हा लावली.

आदल्या दिवशी स्वेटर कागदात बांधला, दोरा घातला, पिशवीत ठेवला. सूनबाई शेजारी उभी. ‘प्रत्येक वस्तूला जागा, आई.’ पाण्याची बाटली ह्या कप्प्यात, रुमाल त्या कप्प्यात, आणि फोन? फोन एरवी माझ्या हातात असतो, नाहीतर कुठेतरी हरवलेला असतो. त्याला जागा दिली पिशवीच्या तळाशी, चेन असलेल्या कप्प्यात. सुरक्षित. लक्षात ठेवा हं तो कप्पा.

गाडीच्या दिवशी सकाळी घरात इतकी शांतता, की हे बिथरले. ओरडायला कुणी नाही, हाका नाहीत, त्यामुळे ह्यांना कळेना की कशानंतर काय करायचं. मी ‘आंघोळ’ म्हणून ओरडले की हे आंघोळीला जातात, दुसऱ्यांदा ओरडले की निघतात, असा इतक्या वर्षांचा शिरस्ता. मी गप्प, तर हे बंडी घालून खुर्चीत बसून माझ्याकडे बघतायत. शेवटी म्हणाले, ‘तू रागावलीयस का?’ मी म्हटलं, ‘नाही हो. करा सावकाश.’ आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, मी ते वाक्य म्हटलं. म्हटलं, ‘आहे की वेळ.’ तुम्हाला सांगते, हे इतके घाबरले की माझ्याआधी तयार होऊन दारात उभे!

मुख्य दारानं गेलो. वळसा घालून, रमत. तिकीट खिडकी बघितली. आमच्या स्टेशनात फुलझाडांच्या कुंड्या आहेत, हे तुम्हाला माहीत आहे का? मला नव्हतं. वजनाचा काटा आहे. एक छानसं मोठं घड्याळ आहे. इतकी वर्षं मी हे स्टेशन पळतानाच बघितलेलं, मला ते एक लांबलचक पट्टा म्हणूनच ठाऊक. ताईनं फोनवर डबा आणि जागेचा नंबर सांगितला होता, तो डबा कुठे येणार त्याची पाटी खांबावर. अगदी पुढे. त्या खांबाखालच्या बाकावर आम्ही जाऊन बसलो. समोर चहावाला. तो माझ्याकडे बघतोय, वळतोय, पुन्हा बघतोय. शेवटी कपबशी पुसत पुसत आलाच. म्हणाला, ‘बाई, तुम्ही त्या पळणाऱ्या ना?’

म्हणजे बघा. अख्ख्या स्टेशनात मी ‘पळणाऱ्या’.

‘बसलेल्या ओळखू आला नाहीत,’ म्हणाला. ‘बरं वाटत नाही का?’

मी हसले. म्हटलं, ‘आज पळायचं नाही, दादा. आज आहे की वेळ.’ त्यानं चहा दिला. मी फुंकर घालून, निववून, बशीत ओतून प्यायले. त्या स्टेशनवर निवांत बसून पहिलाच चहा. इतका गोड लागला, इतका गोड लागला, आणि आता आठवला तरी घशाशी येतो.

तर गाडी आली. वेळेवर. डबा बरोबर खांबासमोर. दार बरोबर माझ्या समोर. मी उठले, पदर सारखा केला, ह्यांना म्हटलं ‘तुम्ही इथेच थांबा’, आणि चढले. सावकाश. लोक उतरत होते त्यांना ‘आधी तुम्ही’ म्हणाले. इतकी मी शांत. आत गेले, जागा शोधली, आणि ताईच्या जागेवर… एक गृहस्थ. जाडजूड. मांडीवर रुमाल पसरून संत्रं सोलतायत.

मी म्हटलं, ‘ही माझ्या ताईची जागा.’ त्यांनी माझ्याकडे बघितलं. संत्र्याची एक साल काढली. म्हणाले, ‘त्या आजी का?’ दुसरी साल काढली. म्हणाले, ‘निळ्या पिशवीवाल्या?’ अहो, त्या क्षणी मला शांत माणसांचा असा राग आला! मी म्हटलं, ‘हो हो, त्याच, कुठे आहेत?’ तर म्हणाले, ‘सकाळीच जागा बदलून घेतली त्यांनी. माझी मंडळी ह्या डब्यात होती, मी एकटा तिकडे शेवटच्या डब्यात. त्या आपणहून विचारत आल्या, कुणाची शेवटच्या डब्यात जागा आहे का हो.’ आणि मग संत्रं बाजूला ठेवून म्हणाले, ‘म्हणाल्या, माझी बहीण मागच्या फाटकातून पळत येते. आता वय झालं तिचं. दमते बिचारी. यंदा शेवटचं भेटायचं, तर तिला पळायला लावायचं नाही.’

मी तिथेच उभी. तुम्ही डोळ्यांपुढे आणा. मी नेहमीसारखी नखं कापणाऱ्या नवऱ्यावर ओरडून, लोकर उलगडत, उशिरा, मागच्या फाटकातून घुसले असते, तर ताई समोर! पहिल्याच पावलाला! गाडी उभी असती तेवढा सगळा वेळ मी तिच्याजवळ बसले असते. आणि वेळेवर आले म्हणून मी गाडीच्या ह्या टोकाला, आणि ती त्या.

मग काय, पळाले.

डब्यातून उतरले ती पळतच. पुढून मागे. उलट्या दिशेनं. आणि चहावाला… तो चहावाला, किटली वर करून, इतक्या आनंदानं, ‘हां! आता ओळखलं!’ आणि पिशवीत फोन वाजतोय. मला कळतंय माझाच फोन वाजतोय, ताईचाच असणार, पण त्याला जागा दिलेली ना, तळाशी, चेनच्या कप्प्यात, स्वेटरच्या खाली. माणसं बाजूला होतायत, एक पोर्टर हातगाडी ओढून वाट करून देतोय, मागून हे हाका मारतायत, ‘सावकाश, सावकाश!’ आणि मला लांबून ताई दिसली. शेवटच्या डब्याच्या दारात, दांडीला धरून उभी. पण माझ्याकडे पाठ. ती मागच्या फाटकाकडे बघतेय हो! मी येणार त्या वाटेकडे. पांढऱ्या केसांची एवढीशी गाठ आणि फाटकाकडे ताणलेली मान, एवढंच मला दिसतंय. मी ओरडले, ‘ताई!’ तिनं एका हातानं फोन कानाला लावलेला, तिला काय ऐकू येणार?

आणि शिट्टी.

गाडी हलली. आणि एवढ्यात मागून हे ओरडले, आमचे कंडक्टर, आयुष्यात पहिल्यांदा ह्यांचं वाहनांविषयीचं ज्ञान कामाला आलं, ‘अगं थांब! पळू नकोस! आता तीच येतेय तुझ्याकडे!’ खरंच की. इतकी वर्षं मी गाडीच्या मागे पळत होते, आज मी पुढून आले, म्हणजे शेवटचा डबा माझ्याकडेच येणार. मी थांबले. प्लॅटफॉर्मच्या मधोमध, पुडकं दोन्ही हातांत धरून उभी. डबे माझ्या अंगावरून चाललेत, एकेक, आणि शेवटी ताईचा. आता तिनं मान वळवली, मला बघितलं, तिला कळेच ना मी ह्या बाजूला कशी. मी पुडकं दिलं, तिनं घेतलं, हाताला हात लागला. तोच. तेवढाच. तिनं लगेच कागदावरून चाचपलं, तिची सवय, आणि ओरडली, ‘बेबी, सुया कुठायत गं?’

मी ओरडले, ‘झालाय! पूर्ण झालाय, ताई! दोन्ही बाह्या!’

मला वाटलं होतं, ती हसेल. इतक्या महिन्यांचं माझं ते, मला वाटलं, शाबास म्हणेल. तिचा चेहरा पडला हो. पुडकं पोटाशी धरून ती दारात उभी राहिली, आणि गाडी गेली.

मग आम्ही दोघं मागच्या बाकावर चांगला तासभर बसून राहिलो. सायकल स्टँडजवळच्या. शेवटी मी पिशवी उपसली, पाण्याची बाटली काढली, रुमाल काढला, चेन उघडली, आणि फोन हातात आला तोच पुन्हा वाजला. ताई. म्हणाली, ‘फाटकाकडे बघून बघून मान अवघडली की गं माझी.’ मी म्हटलं, ‘मी लवकर आले होते, ताई.’ ती म्हणाली, ‘तू?’  पलीकडे कागद चुरचुरला. म्हणाली, ‘स्वेटर सुरेख झालाय. काही म्हणजे काही चुकलेलं नाही.’ मला जरा बरं वाटलं. आणि मग म्हणते, ‘डावी बाही उसवली मी.’

मी म्हटलं, ‘अगं, का? मापाला नव्हती?’

‘मापाला अगदी बरोबर होती,’ ताई म्हणाली. ‘पण बेबी, दरवर्षी मी तुझी बाही विणत जाते. तू धापा टाकत राहिलेली असतेस मागे, आणि तुझे सैल टाके माझ्या हातात असतात. तुझ्याशी बोलत गेल्यासारखं होतं. रस्ता कधी सरला कळत नाही. आज काय करू मी? खिडकीतून बाहेर बघत बसू? तू सुया नाही दिल्यास, पण कशी कोण जाणे, मी माझ्या घेऊन निघाले होते.’

 मी आपलं डोळे पुसत विचारलं, ‘उतरायच्या आत होईल का गं तेवढी?’

तर म्हणते कशी, अगदी ह्यांच्यासारखी, ‘आहे की वेळ.’

नाही, मी चिडलेली नाही. सूनबाईनं विचारलं, ‘आई, कसं झालं?’ मी म्हटलं, ‘सगळं ठरल्याप्रमाणे झालं, बाळा.’ तिला कशाला वाईट वाटू द्या? भाचीचा दुसऱ्या दिवशी फोन आला. आई स्वेटर घालून उतरली, म्हणे, पण शेवटच्या स्टेशनात इतकी घाई झाली तिला, की मनगटाशी सुया तशाच लटकत होत्या.

उसवली हो… माझ्या अख्ख्या आयुष्यातली, वेळेवर झालेली एकुलती एक दुसरी बाही.